व्यायामानंतरची कर्बोदके : पावडर कोणाला लागते, किती आणि कशी घ्यावी

जिममध्ये नव्याने दाखल झालेला तरुण महिन्या-दोन महिन्यांत दोन डबे घेऊन येतो. एक व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांचा, आणि दुसरा ‘रिकव्हरी’ किंवा ‘मास गेनर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला. पहिल्या डब्याविषयी तो बरेच बोलू शकतो. दुसऱ्यात काय आहे असे विचारले, तर ‘ताकदीची पावडर’ एवढेच उत्तर मिळते. त्या दुसऱ्या डब्यात बहुतेक वेळा सर्वाधिक प्रमाणात माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे मक्याच्या किंवा अशाच एखाद्या स्टार्चचे लहान तुकडे करून वाळवलेली, पांढरी आणि जवळजवळ बेचव भुकटी. ही वस्तू निरुपयोगी नाही. योग्य माणसाच्या हाती, योग्य वेळी ती चांगले काम करते. मात्र तुमच्या पुढच्या व्यायामाला किती तास उरले आहेत, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिची गरज ठरते, आणि नेमका हाच प्रश्न डबा विकत घेताना कोणी विचारत नाही.

रिकामे काय होते आणि भरते कसे

आपण खाल्लेल्या भात-भाकरीतील साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. साधारण प्रौढ माणसाच्या स्नायूंमध्ये मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम एवढा हा साठा असतो. यकृतातला साठा रक्तातील साखर सांभाळण्यासाठी सर्व शरीराच्या उपयोगी पडतो; स्नायूतला साठा मात्र त्याच स्नायूला वापरता येतो, मांडीतले ग्लायकोजेन दंडाला उसने मिळत नाही.

ही गोष्ट ज्या प्रयोगातून लखलखीत पुढे आली, तो सांगण्यासारखा आहे. १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायामी सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, पार थकेपर्यंत पेडल मारले. दुसरा पाय विश्रांतीत राहिला. पुढचे तीन दिवस त्यांनी कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे नमुने काढले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले होते. आहार एकच, रक्त एकच, तरीही ज्या स्नायूने काम केले त्यानेच साखर ओढून घेतली.

यामागचे कारण नंतर उलगडले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूकोज आत घेणारे ‘ग्लट-४’ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. व्यायाम संपल्यावर साधारण अर्धा ते एक तास हे दार उघडे असते. त्यानंतर इन्सुलिनच्या मदतीने भरण्याचा, तुलनेने संथ असा टप्पा सुरू होतो. साठा पूर्ण भरायला, पुरेसे खाल्ले तरी, साधारणतः २० ते २४ तास लागतात.

लांब पल्ल्याचा धावपटू हा साठा जवळपास संपवू शकतो. वजन उचलणाऱ्याचे तसे होत नाही. बायसेप कर्लचा थकेपर्यंतचा एक सेट केल्यावर त्या स्नायूतील ग्लायकोजेन सुमारे १२ टक्के आणि तीन सेटनंतर सुमारे २४ टक्के घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. पायांच्या जड, अनेक सेटच्या व्यायामात ही घट ४० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे छाती-ट्रायसेप्सचा तासाभराचा व्यायाम करून ‘टाकी रिकामी झाली’ असे वाटत असले, तरी तळाशी बरेच उरलेले असते.

स्नायूंच्या वाढीत कर्बोदकांचा वाटा

येथे बराच गैरसमज आहे. व्यायामानंतर गोड काही घेतले की इन्सुलिन उसळते आणि ते प्रोटीनला स्नायूत ढकलते, अशी मांडणी वर्षानुवर्षे जिममध्ये ऐकू येते. इन्सुलिन स्नायूतील प्रथिनांची मोडतोड कमी करते, हे खरे. परंतु त्यासाठी इन्सुलिनची अगदी माफक पातळी पुरते आणि तेवढी पातळी व्हे प्रोटीन स्वतःच वाढवते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना व्यायामानंतर २५ ग्रॅम व्हे एकदा नुसते आणि एकदा ५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिनसह देण्यात आले. इन्सुलिन दुसऱ्या वेळी कितीतरी अधिक वाढले, पण नव्या प्रथिनांची बांधणी किंवा जुन्यांची मोडतोड यांत फरक पडला नाही.

स्नायू बांधण्याचे काम प्रथिनांचे आणि व्यायामाच्या ताणाचे आहे. दिवसभरात शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने हे त्यासाठीचे व्यवहार्य लक्ष्य. कर्बोदके पुढच्या व्यायामासाठी इंधन देतात आणि एकूण उष्मांक पुरे पडतील असे पाहतात. वाढीला त्यांचा उपयोग होतो तो या आडवाटेने. उद्याचा पाचवा सेट पहिल्या सेटइतक्या जोमाने निघाला, तर वाढ होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यामुळे कर्बोदके वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात काट्यावर किलो-दीड किलो चढले आणि दंड भरल्यासारखा वाटला, तर तो मुख्यतः पाण्याचा भराव असतो.

पहिली पायरी : तास मोजणे

घड्याळ घेऊन आजचा व्यायाम संपण्याची आणि त्याच स्नायूंच्या पुढच्या कष्टाची वेळ कागदावर लिहावी. या दोहोंतील अंतर २४ तास किंवा अधिक असेल, तर पावडर ही केवळ सोय आहे. नेहमीचे जेवण वेळेवर झाले की काम भागते. व्यायामानंतर लगेच आणि दोन तास थांबून खाणाऱ्यांची तुलना केली असता, लगेच खाणाऱ्यांचे ग्लायकोजेन पहिल्या काही तासांत झपाट्याने भरते, हे १९८८ सालच्या प्रयोगात दिसले. पण १९९७ सालच्या दुसऱ्या प्रयोगात ८ आणि २४ तासांनंतर मोजले, तेव्हा दोन्ही गट बरोबरीला आलेले होते. ऑफिस सुटल्यावर सात वाजता जिम करून साडेनऊला वरण-भात जेवणाऱ्या माणसाने ‘तीस मिनिटांची खिडकी’ हुकेल म्हणून शेकर घेऊन पळण्याचे कारण नाही.

अंतर आठ तासांहून कमी असेल, तर चित्र पालटते. कोल्हापूरच्या तालमीतील पैलवान पहाटे उठून मेहनत करतो आणि दुपार कलताच पुन्हा हौद्यात उतरतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सकाळी १६०० मीटर धावणे आणि गोळाफेक, संध्याकाळी पुन्हा मैदान असा दिवस काढतात. त्यांच्या दोन सत्रांत सात ते नऊ तास असतात, म्हणजे ते सीमारेषेवर आहेत. मेहनतीनंतर व्यवस्थित भूक लागत असेल, तर अन्न पुरते. घामाने आणि थकव्याने घास उतरत नसेल, तर पहिला हप्ता पेयातून घेणे शहाणपणाचे. पावडरीची खरी कसोटी स्पर्धेच्या दिवशी लागते. एका कुस्तीनंतर दीड-दोन तासांत दुसरी, किंवा कबड्डीचे एकाच दिवसात दोन सामने, अशा वेळी पोळी-भाजी पोटात घेऊन कोणी लढत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते, त्यामुळे वजन उतरवून आलेल्या मल्लाला काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या शिट्टीपर्यंतचा वेळ भरून काढायचा असतो. तेथे पातळ, मीठ घातलेले कर्बोदकांचे पेय ही सर्वांत उपयुक्त गोष्ट.

दुसरी पायरी : मात्रा काढणे

हिशेब शरीराच्या वजनावर होतो, डब्यातल्या चमच्यावर नाही. आठ तासांहून कमी वेळ असेल, तर पहिल्या चार तासांत दर तासाला प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी क्रीडा-आहारशास्त्रातील मान्य शिफारस आहे. ७० किलोच्या खेळाडूसाठी हे ताशी ७० ते ८४ ग्रॅम होते. एकदम ढोसण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाने ३५ ते ४० ग्रॅम घेतल्यास पोट कमी कुरकुरते. एवढे गोड झेपत नसेल, तर दुसरा मार्ग आहे : ताशी प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅम कर्बोदके आणि सोबत ०.२ ते ०.४ ग्रॅम प्रथिने. अशा मिश्रणानेही ग्लायकोजेन जवळपास तितक्याच वेगाने भरते आणि स्नायूंच्या दुरुस्तीचा माल त्याच वेळी पोहोचतो. ७० किलोच्या माणसासाठी हे ताशी ५६ ग्रॅम कर्बोदके आणि १४ ते २८ ग्रॅम प्रथिने. माझे मत या दुसऱ्या मार्गाला आहे, कारण तो पोटालाही सुसह्य असतो.

दिवसातून एकदा, तासाभराचा व्यायाम करणाऱ्याने तासाचा हिशेब बाजूला ठेवून दिवसाचा हिशेब पाहावा. हलक्या व्यायामाला प्रत्येक किलोमागे ३ ते ५ ग्रॅम, रोज तासभर बऱ्यापैकी कष्ट असतील तर ५ ते ७ ग्रॅम, आणि रोज एक ते तीन तास दमछाक होत असेल तर ६ ते १० ग्रॅम अशी ढोबळ पातळी धरतात. दोन वेळा भात-पोळी खाणाऱ्या मराठी घरात पहिल्या दोन पातळ्या पावडरीशिवाय सहज गाठल्या जातात. कमी पडतात ती प्रथिने.

७५ ग्रॅम कर्बोदके म्हणजे ३०० उष्मांक. जेवण तेवढेच ठेवून, गरज नसताना रोज हा पेला वर घेतला, तर कागदावर पंचवीस-सव्वीस दिवसांत एक किलो चरबीचा ऐवज जमतो. मी स्वतः कॉलेजात असताना तीन किलोचा गेनर लेबल न वाचता संपवला होता. दीड महिन्यात पँटचा हुक लागेनासा झाला, बेंच प्रेस मात्र होता तिथेच राहिला.

तिसरी पायरी : डबा उलटून वाचणे

बाजारात मिळणाऱ्या प्रकारांत साधा डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, वॅक्सी मेझ (मक्याच्या एका वाणाचा स्टार्च) आणि सायक्लिक डेक्स्ट्रिन हे मुख्य. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लूकोजच; उन्हाळ्यात घरोघरी आणली जाणारी ग्लूकोज पावडर प्रामुख्याने तीच असते. तो झटपट शोषला जातो, पण गोडीने तोंड मिटते. माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातील साखर जवळपास तितक्याच वेगाने वाढवते, मात्र गोडी कमी असल्यामुळे जास्त मात्रा पिता येते. सायक्लिक डेक्स्ट्रिन जठरातून लवकर पुढे सरकते म्हणून पोट हलके राहते. किमतीतला फरक मात्र मोठा आहे आणि तो देण्याआधी साध्या माल्टोडेक्स्ट्रिनने खरोखर त्रास होतो का, हे पाहावे. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, मुख्यतः यकृताचा साठा भरते. साध्या साखरेत अर्धा ग्लूकोज आणि अर्धे फ्रुक्टोज असल्याने, दीर्घ कष्टानंतर थोडी साखर किंवा फळ मिश्रणात असणे वाईट नाही. स्नायू भरण्यासाठी फक्त फ्रुक्टोजवर विसंबू नये.

लेबलवर प्रथम ‘एक सर्व्हिंग’ किती ग्रॅमचे आहे ते पाहावे. गेनरच्या डब्यांवर ते शंभर ग्रॅमच्या पुढेही असते आणि त्यासाठी दोन-तीन स्कूप लागतात, त्यामुळे डब्यावरचे भव्य आकडे एका स्कूपचे नसतात. नंतर कर्बोदके आणि प्रथिने यांचे गुणोत्तर काढावे. प्रथिनांच्या चार-पाच पट कर्बोदके असतील, तर तुम्ही व्हेच्या भावात मक्याचा स्टार्च विकत घेत आहात. दोन्ही वेगवेगळे घेऊन घरी मिसळणे बहुधा स्वस्त पडते. ‘साखर ५ ग्रॅम’ ही ओळ वाचून निश्चिंत होऊ नये. माल्टोडेक्स्ट्रिनची गणना लेबलवर साखरेत होत नाही, पण रक्तात गेल्यावर त्याचे ग्लूकोजच होते.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख ठळक असावी, झाकणाखालचे सील शाबूत असावे. स्पर्धात्मक खेळाडूने एक पाऊल पुढे जावे. उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, ‘पावडरीत होते’ हा खुलासा त्याला वाचवत नाही. म्हणून बॅचनिहाय तपासलेले, घटकांची यादी छोटी असलेले उत्पादनच घ्यावे. सुट्या पिशवीतून मिळणाऱ्या ‘स्पेशल’ मिश्रणाकडे वळूही नये.

चौथी पायरी : पेय तयार करणे

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. एकच स्कूप एकाने दाबून भरला आणि दुसऱ्याने सैल भरला, तर चांगलाच फरक पडतो, त्यामुळे पहिले काही दिवस प्रत्येक वेळी वजन करावे. शेकरमध्ये आधी पाणी घालावे आणि मग पावडर. उलट केले की तळाशी चिकट गोळा बसतो आणि तो शेवटच्या घोटात तोंडात येतो. ५० ते ६० ग्रॅम पावडरीला ५०० मिलिलिटरच्या आसपास पाणी ठेवावे. कमी पाण्यात घट्ट केलेले पेय जठरात रेंगाळते आणि मळमळ होते. पाणी थंडगार नको, माठातले चालेल. त्यात अर्धे लिंबू आणि दोन बोटांच्या चिमटीने दोन-तीन चिमट्या मीठ घातले, की चव सुधारते आणि घामावाटे गेलेले सोडियमही परत येते.

पाण्याची भरपाई मोजून करावी. व्यायामाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो कमी झाले असेल, तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्यावे.

तालमीतील थंडाईविषयी येथे बोलणे भाग आहे. कुंडीत सोट्याने घोटलेली बदामाची थंडाई उत्तम खुराक आहे, त्यात दूध आहे, प्रथिने आहेत, उष्मांक आहेत. पण बदामातील चरबीमुळे ती जठरातून सावकाश उतरते. दिवसाचा खुराक म्हणून ती अवश्य घ्यावी. दोन कुस्त्यांच्या मधल्या दीड तासात तिचे काम नाही.

पाचवी पायरी : अन्नाकडे परतणे

पेयाचा पहिला हप्ता घेतल्यावर तासा-दीड तासात खरे अन्न पोटात जायला हवे, कारण पावडरीत ना जीवनसत्त्वे असतात, ना तंतू. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम आणि तेवढ्याच कोरड्या पोह्यांत सुमारे ७७ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून ३५ ते ४० ग्रॅम, एका केळ्यातून २० ते २५ ग्रॅम आणि पाव लिटर दुधातून १२ ग्रॅम कर्बोदकांसह ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन केळी आणि पाव लिटर दूध म्हणजे ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके, जवळपास एका शेकरएवढी. दुधात केळी घालू नयेत असे मानणाऱ्यांनी ती वेगवेगळी खावीत, हिशेब तोच राहतो.

घाईच्या वेळी मऊ भात, मीठ आणि दही, किंवा कांदे पोह्यांसोबत दोन अंडी हे जेवण पोटाला जड जात नाही. तळलेले पदार्थ, भरपूर तूप आणि कडधान्यांची उसळ दुसऱ्या सत्रानंतर ठेवावी. एकादशीला किंवा श्रावणातल्या उपवासात व्यायाम न सोडणाऱ्यांना उकडलेले रताळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि ताक यांतून गरज भागवता येते. साबुदाण्याची खिचडी कर्बोदके देते, पण प्रथिने जवळजवळ देत नाही, तेव्हा सोबत दूध-दही हवेच.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये

मधुमेह किंवा त्याच्या सीमेवरची साखर असणाऱ्यांनी, इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही पावडर स्वतःच्या मनाने सुरू करू नये. घरात मधुमेहाचा इतिहास असलेल्या तिशीपुढच्या माणसाने आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे. स्नायू पिळदार दिसतात म्हणून साखर ठीक असेलच, असे नसते. वजन कमी करण्यासाठी जिमला जाणाऱ्याला तर ही पावडर लागतच नाही. शाळकरी खेळाडूंसाठी केळी, चिक्की आणि दूध पुरेसे.

सहावी पायरी : तीन आठवडे नोंद

वहीत चारच रकाने आखावेत : सकाळचे वजन, व्यायामानंतर घेतलेली कर्बोदके, दुसऱ्या सत्रातील शेवटच्या सेटची पुनरावृत्ती किंवा धावण्याची वेळ, आणि पोटाची स्थिती. पहिला आठवडा पावडरीशिवाय, पुढचे दोन पावडरीसह काढावेत आणि बाकी आहार शक्यतो तसाच ठेवावा. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दुसऱ्या सत्राचे आकडे सुधारलेले नसतील आणि कंबर मात्र वाढली असेल, तर मात्रा निम्मी करावी किंवा बंद करावी. पोट फुगत असेल, तर आधी पाणी वाढवून पाहावे, मग प्रकार बदलावा. स्पर्धेच्या दिवशी नवे पेय कधीही प्रथम पिऊ नये. जे मैदानावर सरावात पचले आहे तेच पिशवीत न्यावे.

डबा कोरड्या जागी, घट्ट झाकणाने ठेवावा आणि ओला चमचा आत घालू नये, नाहीतर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पंधरा दिवसांत त्याचा दगड होतो. आणि हंगाम संपून दिवसाला एकच सत्र उरले, की त्याच दिवसापासून शेकर थांबवून दुपारच्या ताटातला भात तेवढा नीट वाढून घ्यावा. अर्धा उरलेला डबा संपवायचा म्हणून रोज पीत राहणे हे पोट सुटण्याचे सर्वांत साधे कारण मी पाहिले आहे.